पोराची नस तुटली, तर आधी पोटरी दाबून बघा

प्रति,
कोल्हापुरातल्या तालमींचे वस्ताद, व्यायामशाळांचे चालक आणि जिमचे ट्रेनर यांस,

सप्रेम नमस्कार.

शिवाजी पेठेत माझं औषधाचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. तालमीचा उंबरा मी कधी ओलांडला नाही, पण तालमीतली पोरं रोज माझ्या काउंटरवर असतात. कुणाचा कान चेपलेला, कुणाचं बोट निखळलेलं, कुणाला क्रेप बँडेज पाहिजे, कुणाला दुखण्याचा स्प्रे. त्यांच्या अंगावरच्या तांबड्या मातीचा, त्यातल्या तेला-हळदीचा वास दुकानात शिरला की घड्याळ न बघता मला संध्याकाळ झाल्याचं कळतं. ही पोरं आईबापाचं ऐकत नाहीत, डॉक्टरचं अर्धं ऐकतात, आणि तुमचं सगळं ऐकतात. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

गेल्या वर्षी जानेवारीतली गोष्ट. माझा भाचा, बहिणीचा मुलगा, पाच वर्षं माझ्याच घरी राहून तालीम करतो. गाव कागल तालुक्यात, घरची अडीच एकर ऊसशेती, वय तेव्हा एकवीस. त्या संध्याकाळी तो कठडा धरून एकेक पायरी करत जिना चढला. विचारलं तर म्हणाला, "मावशी, पट काढताना मागनं कुणीतरी टाचेवर लाथ घातली असं वाटलं. वळून बघितलं तर मागं कोणच न्हाई." शेजारच्या जोडीतल्या पोरालाही 'फट्' असा आवाज ऐकू आला होता म्हणे. मी औषधशास्त्र शिकलेली बाई. तरी मी काय केलं? बर्फ दिला, जेल दिलं, आणि म्हणाले, नस चढली असेल, दोन दिवस जाऊ नकोस.

पुढं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की टाचेमागची जाड नस, म्हणजे ॲकिलीस टेंडन, पूर्ण तुटलेला माणूस नेमकं हेच सांगतो. कुणीतरी मागून लाथ मारली, काठी मारली, दगड लागला. वळून बघितलं तर कुणी नव्हतं. इतकं ठरलेलं लक्षण. ते मला माहीत नव्हतं आणि त्या संध्याकाळी तालमीत हजर असलेल्या पंधरा-वीस जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

आपली भाषाही इथं थोडी घात करते. आपल्याकडं सगळीच 'नस'. रक्ताची शीर नस, मेंदूकडून येणारी मज्जातंतूची दोरी नस, आणि स्नायूला हाडाशी बांधणारा टेंडनही नसच. नस चढली म्हणजे स्नायूत गोळा आला, तो चोळून जातो. नस दबली म्हणजे बहुतेक वेळा कमरेतलं किंवा मानेतलं दुखणं. नस तुटली म्हणजे तिसरंच काही, आणि ती चोळून जुळत नाही. माझ्या भाच्याची तुटलेली नस तालमीत तीन दिवस कोमट तेलानं रगडली गेली. रगडणाऱ्यानं मायेनंच रगडली. त्याला चढलेली आणि तुटलेली यातला फरक कुणी दाखवलाच नव्हता.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट नीट सांगते. टेंडन पूर्ण तुटला की तो अर्धवट मुरगळलेल्या पायापेक्षा लवकर दुखायचा थांबतो. चार-पाच दिवसांत सूज उतरते. पोटरीच्या आत खोलवर दुसरे स्नायू असतात, बोटं आणि घोटा वाकवणारे. ते थोडं काम उचलतात. त्यामुळं माणूस पाय सपाट टाकत चालू शकतो, पाऊल थोडं खालीही दाबू शकतो. त्याला वाटतं, बरं होतंय. भाचा सहाव्या दिवशी तालमीत गेला. बैठका जमेनात, पण जोर मारत होता. 'आराम पडतोय' असं तो फोनवर आईला सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं, त्याला तसंच वाटत होतं.

नेमक्या याच वेळी त्याला ती कुपी भेटली.

संध्याकाळच्या तालमीनंतर वजनं मारायला तो एका जिममध्ये जायचा. तिथल्या ट्रेनरनं सांगितलं, "ऑपरेशनच्या नादाला लागू नको, डॉक्टर वर्ष घालवतील. पेप्टाइड घे, सहा आठवड्यांत मैदानात." चार कुप्यांचे साडेअकरा हजार. ते पैसे त्यानं जत्रेतल्या इनामातून साठवलेले होते. पुढं ज्या सुया लागल्या त्या माझ्याच दुकानातल्या. इन्सुलिनच्या सिरिंजचं दहाचं पाकीट त्यानं स्वतः फळीवरून काढून घेतलं, "एकाला पाहिजेत" म्हणाला, आणि मी वहीत त्याच्या नावावर मांडलं. कुणाला, कशाला, एवढे दोन शब्द मी विचारले नाहीत. ते पान अजून वहीत आहे.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी फ्रिज पुसायला घेतला तेव्हा लोण्याच्या डब्यामागं मला त्या कुप्या सापडल्या. करंगळीएवढी काचेची कुपी, निळं झाकण, तळाला पांढऱ्या भुकटीची चकती. सोबत एक पाण्याची कुपी. लेबलवर इंग्रजीत नाव, 'बीपीसी-१५७', आणि खाली बारीक अक्षरांत: केवळ संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही. उलटून-पालटून बघितलं. बनवणाऱ्याचा पत्ता नाही. उत्पादन परवान्याचा नंबर नाही. बॅच नंबर नाही, किंमत नाही, मुदत नाही. माझ्या दुकानातल्या दोन रुपयांच्या गोळीच्या पट्टीवरही हे सगळं छापलेलं असतं, आणि नसेल तर मी ती विकू शकत नाही. साडेअकरा हजारांच्या मालावर यातलं काहीही नव्हतं. त्या काचेत नक्की काय आहे, किती आहे, ते निर्जंतुक आहे का, हे सांगणारा जगात कुणी जबाबदार माणूस नव्हता. आणि ते माझ्या पोराच्या पोटाच्या कातडीखाली रोज जात होतं.

त्या रात्री मी वाचायला बसले. ट्रेनर मंडळींना विशेष विनंती, हा भाग घाईनं वाचू नका.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. इन्सुलिन हेसुद्धा पेप्टाइडच, त्यामुळं पेप्टाइड म्हटलं की वाईट, असं नाही. बीपीसी-१५७ ही पंधरा अमिनो आम्लांची, प्रयोगशाळेत बनवलेली साखळी. माणसाच्या जठररसातल्या एका प्रथिनाचा हा तुकडा असल्याचं सांगितलं जातं. त्यावरचं बरंचसं काम क्रोएशियात, झाग्रेब इथल्या एकाच गटाचं आहे आणि ते मुख्यतः उंदरांवर. उंदराचा ॲकिलीस टेंडन कापायचा, औषध द्यायचं, मग जुळणी किती झाली ते बघायचं. निकाल चांगले आलेत, हे मी लपवत नाही. पण माणसांवर, एका गटाला औषध आणि दुसऱ्याला नुसतं पाणी देऊन, मोठ्या संख्येनं केलेली टेंडनची चाचणी नाही. कुठल्याही मोठ्या देशाच्या औषध नियंत्रकानं ते माणसांसाठी मंजूर केलेलं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ मध्ये ते सुरक्षिततेबद्दल शंका असलेल्या पदार्थांच्या यादीत टाकलं. ते नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं असं म्हणतात, आणि जखमेला ते हवंच असतं. पण शरीरात कुठं न कळलेली गाठ असेल तर तिलाही रक्तवाहिन्या हव्याच असतात. दुसरं नाव पोरं घेतात ते टीबी-५००. थायमोसिन बीटा-४ या प्रथिनाचा तो तुकडा, शर्यतीच्या घोड्यांच्या बाबतीत आधी गाजलेला. त्याच्या कुपीवरही मंजुरीचा शिक्का नसतो.

त्या कुपीनं भाच्याला विष घातलं असं मी म्हणत नाही. तिच्यात कदाचित नुसतं मीठ-साखर असेल, कदाचित खरंच बीपीसी असेल. तिनं नुकसान केलं ते निराळ्या वाटेनं: तिनं त्याला डॉक्टरकडं न जाता थांबायला कारण दिलं. दुखणं आपोआप कमी होत होतं, त्याचं श्रेय सुईला गेलं. रोज सकाळी तो आरशासमोर उभा राहून सुई टोचायचा आणि मनाशी म्हणायचा, उपचार चाललाय. आणि तिकडं टाचेच्या वर दोन टोकं एकमेकांपासून लांब जात होती.

हे टोकांचं गणित तुम्ही पैलवान माणसं लगेच समजाल. पोटरी हा ओढणारा स्नायू. दोर मध्येच तुटला की ओढणारा आपल्याकडचं टोक घेऊन वर सरकतो. तुटलेल्या जागी खळगा पडतो, बोट घातलं तर कळतो. ही नस ताजी असताना ओळखली, तर डॉक्टर पाऊल खाली झुकवून बांधतात, म्हणजे टोकं जवळ येतात आणि पुष्कळदा ऑपरेशनशिवायही जुळतात. नॉर्वेत ५२६ रुग्णांवर अशी तुलना झाली, २०२२ मध्ये ती छापून आली. वर्षभरानंतर ऑपरेशन केलेले आणि न केलेले यांच्या पायाच्या कामात फरक नव्हता. फक्त ऑपरेशन न केलेल्यांत नस पुन्हा तुटण्याचं प्रमाण जास्त होतं, शंभरात सहा. ऑपरेशनवाल्यांत शंभरात एकाहूनही कमी. म्हणजे पहिल्या आठवड्यात माझ्या भाच्याला निवड करता आली असती. मी त्याला डॉक्टरकडं नेलं तोवर सात आठवडे झाले होते, निवड उरली नाही. सोनोग्राफीत मधलं अंतर साडेचार सेंटीमीटर निघालं. साडेचार सेंटीमीटरची फट भुकटीच्या पाण्यानं भरून निघेल, आणि तेही पोटात टोचलेल्या, यावर विश्वास ठेवायला माणूस किती घायकुतीला आलेला असला पाहिजे!

डॉक्टरांनी ते कसं ओळखलं, तेच मला तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे, कारण त्याला ना मशीन लागतं ना पैसे. पोराला पालथं झोपवलं, दोन्ही पावलं टेबलाच्या कडेबाहेर लोंबती ठेवली. चांगल्या पायाची पोटरी मधोमध मुठीत धरून दाबली. पाऊल आपोआप खाली झुकलं, घोड्यानं खूर हलवावा तसं. मग दुखऱ्या पायाची पोटरी दाबली. पाऊल हललं नाही. पुन्हा दाबली. पाऊल जागच्या जागी, जणू ते त्या पायाचं नव्हतंच. भाचा मान वळवून बघत होता. त्याचा चेहरा मी तेव्हा बघितला तो मला विसरता येत नाही. डॉक्टर काही बोलायच्या आत त्याला कळलं होतं.

दहा सेकंदांची तपासणी. हौद्याच्या कट्ट्यावर होईल, मॅटच्या कडेला होईल. पहिल्या संध्याकाळी कुणी केली असती तर?

ऑपरेशनमध्ये टोकं जुळेनात म्हणून पायाचा अंगठा खाली दाबणारी नस सोडवून टाचेच्या हाडात बसवावी लागली. पाय चालता झाला. पण अंगठ्याची पकड थोडी गेली ती गेलीच. मातीत उभा राहणारा पैलवान अंगठ्यानं जमीन धरतो, हे मी तुम्हाला काय सांगायचं.

वस्ताद, आता तुमच्याशी थोडं मोकळेपणानं बोलते.

मी त्याला विचारलं होतं, का रे लपवलंस? तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मावशी, फ्लेक्स लागला होता." त्याच्या गावच्या शेजारच्या गावात चैत्रातल्या जत्रेचं मैदान, तीन नंबरची कुस्ती, त्याचा शड्डू ठोकतानाचा फोटो चौकात लागलेला. वडील येता-जाता त्या फोटोखाली थांबायचे म्हणे. दुखापत झाली असं म्हटलं की जोड, म्हणजे ठरलेली कुस्ती, दुसऱ्याला जाते. तालमीत राहणाऱ्याची खोलीतली जागा जाते. खुराकाला मदत करणारे गावचे पाहुणे पुढच्या महिन्यापासून फोन उचलत नाहीत. नऊ महिने विश्रांती हा शब्द डॉक्टरला सोपा आहे. त्या पोराच्या कानाला तो 'घरी जाऊन ऊस तोड' असा ऐकू येतो. मग सहा आठवडे म्हणणारा कुणीही त्याला देव वाटतो.

राजर्षी शाहू महाराजांनी या शहरात पैलवानाला राजाश्रय दिला. १९१२ साली खासबागचं मैदान पुरं झालं ते आपण अभिमानानं सांगतो, पाहुण्यांना नेऊन दाखवतो. पण आश्रय म्हणजे नुसतं मैदान नव्हे. खुराक, राहण्याची जागा, पोटाची काळजी, हे सगळं त्यात होतं. आज राजा नाही, ती जागा तुमची आहे. जखमी पोराची कॉट तालमीत नऊ महिने त्याच्याच नावावर राहील, त्याचं दूध-बदाम बंद होणार नाही, आणि त्याच्या नावानं कुणी जोड धरली तर वस्ताद स्वतः 'नाही' म्हणतील, एवढं जर पोराला पहिल्या दिवशी तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं, तर तो कुपी विकत घ्यायला जाणारच नाही. मला खात्री आहे. माझा भाचा गेला नसता.

आणि जे राष्ट्रीय पातळीवर खेळतात, किंवा पोलीस, रेल्वे, सैन्यदलात खेळाडूंच्या जागेवर डोळा ठेवून आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक. बीपीसी-१५७ हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत २०२२ पासून आहे, 'मान्यता नसलेले पदार्थ' या गटात. टीबी-५०० वरही बंदी आहे. सीजेसी-१२९५ आणि इपामोरेलिन ही वाढीचं संप्रेरक सुटायला लावणारी पेप्टाइडं, त्यांच्यावरही. नुसती स्पर्धेत नव्हे, कधीही; घरी पाय बांधून पडलेला असला तरी. आपल्या देशात २०२२ चा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा आहे आणि लघवी-रक्ताचा नमुना घ्यायला नाडाची, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची, माणसं येतात. नियम साधा आहे: अंगात सापडलं की जबाबदार खेळाडू. ट्रेनरनं दिलं, माहीत नव्हतं, दुखापतीसाठी घेतलं, यानं सुटका होत नाही. बंदी चार वर्षांपर्यंत जाते. एकविसाव्या वर्षी चार वर्षं म्हणजे भरतीचं वय, वजनगट, उमेद, सगळं. नाडाचं 'नो युवर मेडिसिन' नावाचं ॲप फोनवर आहे, कुठलंही औषध घालून बघता येतं. तालमीत एका तरी शिकलेल्या पोराकडं हे काम द्या.

सप्लिमेंटबद्दल मला रोज विचारतात, म्हणून थोडक्यात. कोलाजेन पावडरीचे डबे सध्या खूप खपतात. टेंडन बहुतांशी कोलाजेनचाच बनलेला असतो हे खरं. २०१७ मध्ये एक छोटा प्रयोग झाला: आठ निरोगी तरुणांनी सी जीवनसत्त्वासोबत पंधरा ग्रॅम जिलेटिन घेतलं, तासाभरानं सहा मिनिटं दोरीवरच्या उड्या मारल्या, आणि कोलाजेन तयार होत असल्याची रक्तातली खूण दुपटीनं वाढली. आठ जण, आणि सगळे धडधाकट. तुटलेली नस त्यात कुणाचीच नव्हती. तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सुरू केल्यावर कुणी घेतलं तर मी अडवत नाही, पण कर्ज काढून घ्यायला लावू नका. आपल्या घरातला मटणाचा अळणी रात्रभर ठेवला की सकाळी थिजतो; ते थिजलेलं जिलेटिनच. पायाचं सूप प्या, पांढरा रस्सा जेवा, आणि सोबत पेरू किंवा आवळा खा, कारण सी जीवनसत्त्व नसेल तर शरीराला कोलाजेनची वीण घट्ट घालता येत नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावरच्या म्हशीच्या धारोष्ण दुधात लिटरमागं पस्तीस-चाळीस ग्रॅम प्रथिनं असतात. पडून असलेल्या पोराचा खुराक तोडणं ही सगळ्यात मोठी चूक, जखम भरायला प्रथिनं लागतात. तूप आणि साखर तेवढी कमी करा. क्रिएटिन, व्हे यांनी स्नायूला मदत होते, तुटलेल्या नसेला नाही. घ्यायचंच असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, नंबर असलेला, पावतीसह घेतलेला, सील न फुटलेला डबा घ्या. बिनपावतीच्या डब्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

त्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती माझ्या काउंटरवर चिठ्ठीशिवाय मागितल्या जाणाऱ्या दोन गोष्टींची. एक म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन. पोट बिघडलं की पोरं सर्रास मागतात. या गटातल्या अँटिबायोटिकनं टेंडन तुटण्याचा धोका वाढतो, अमेरिकेत २००८ पासून त्यांच्यावर काळ्या चौकटीतला इशारा छापतात. डॉक्टरनं लिहून दिलं तर घ्यावंच लागेल, पण मग 'मी कुस्ती करतो' हे डॉक्टरला आधी सांगायला लावा. दुसरी म्हणजे वजन वाढवायच्या नावाखाली खपणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या गोळ्या. चेहरा गोल होतो, भूक लागते, पोराला वाटतं अंग भरलं. भरते ती चरबी आणि पाणी, आणि आतून नसा कच्च्या होतात. चोळून-चोळून थांबत नाही म्हणून दुखऱ्या नसेतच स्टिरॉइडचं इंजेक्शन मारून घेणारेही भेटलेत. टाचेच्या नसेत तर ते नकोच नको.

ट्रेनर मंडळी, तुमच्यात जीव तोडून पोरं घडवणारे आहेत, मी ओळखते त्यांना. पण कुपीचे पैसे घेऊन ती हातात देता, तेव्हा तुम्ही औषध विकता, आणि त्याला परवाना लागतो. तो माझ्याकडं आहे, तुमच्याकडं नाही. भाच्यानं नंतर सांगितलं की पैसे वाचावेत म्हणून एकाच कुपीत तीन पोरांच्या सुया जात होत्या, त्यातल्या काही आधी वापरलेल्या. कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही ही नावं उच्चारायलाही नको वाटतात, पण त्या कुपीच्या रबरातून ती सहज जाऊ शकतात. तिघांच्याही रक्ताच्या चाचण्या मी स्वतः नेऊन करून आणल्या. निकाल येईपर्यंतचे दोन दिवस मी दुकानात कुणाशी धड बोलले नाही. निकाल चांगले आले. तालमीत विडी-तंबाखू चालत नाही, दारू पिऊन आलेला पोर दाराबाहेर उभा राहतो. तोच नियम सुईला लावा. जिमच्या भिंतीवर एवढ्या सूचना असतात, त्यात ही एक लिहा.

माझ्याकडून मी एवढं केलं आहे. इन्सुलिनच्या सिरिंजा आता काउंटरच्या आत, माझ्या हाताशी आहेत. मधुमेहाच्या पेशंटला लगेच देते. विशीतलं पोर मागायला आलं की विचारते, कुणासाठी बाळा? काही जण उत्तर न देता निघून जातात, तेव्हा जिवाला लागतं, कारण ते दुसऱ्या दुकानात जातील हे मला ठाऊक असतं. पण काही जण थांबतात. गेल्या महिन्यात एक जण थांबला, खांदा धरून. वर उचलवत नव्हता. त्याच दुपारी त्याला सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या हाडांच्या ओपीडीत पाठवला.

भाच्याच्या ऑपरेशनला आता वर्ष होत आलं. पहिले दोन महिने टाचेखाली पाचर असलेला बूट, मग फिजिओथेरपी. दुकानासमोरच्या पायरीवर तो रोज उभा राहायचा, भिंतीला दोन बोटं टेकवून, टाचा वर, टाचा खाली. आधी दोन्ही पायांवर. पाचव्या महिन्यात एकट्या डाव्या पायावर टाच जेमतेम अंगुळभर उचलली गेली, तर गिऱ्हाईक सोडून मी बाहेर धावले. आता सतरा होतात. पंचवीस झाल्याशिवाय डॉक्टर मॅटवर सोडणार नाहीत. नसेला ताण दिला की ती घट्ट होते, पण ताण मापात आणि वेळेवर लागतो. महिन्यांचं काम आहे ते, आणि ते तो मन लावून करतो. त्याच्या वस्तादांनी मध्यंतरी घरी येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "तालमीतली जागा तुझीच हाय. घाई करू नको." त्या रात्री तो पोटभर जेवला.

तुम्ही बोलावलंत तर मी येईन. दुकान साडेनऊला बंद होतं, त्यानंतर कुठल्याही दिवशी. भाचा सोबत असेल. पोटरी कुठं धरायची, किती दाबायची आणि पाऊल कसं हलायला पाहिजे, हे तो स्वतः पालथा झोपून दोन्ही पायांवर दाखवेल. पंधरा मिनिटं लागतात. तालमीतली सगळी पोरं त्या वेळी हजर असावीत, एवढीच विनंती.

आपली,
शिवाजी पेठेतली एक औषध दुकानदार